वाचक विचारतात : बर्फाला बोअर मारणाऱ्यांची वस्ती

मागच्या अंकात 'ईस्टग्रिप' छावणीबद्दल चार ओळींची टीप होती. ग्रीनलंडच्या हिमपठारावर, ७५ अंश ३८ मिनिटे उत्तर अक्षांशाजवळ, कोपनहेगन विद्यापीठाच्या पुढाकाराने २,६७० मीटर जाडीच्या बर्फातून आरपार भोक पाडण्यात आलं आणि जुलै २०२३ मध्ये तळ लागला, एवढाच मजकूर. पण पत्रं भरपूर आली, आणि बरीचशी हाताने काम करणाऱ्या मंडळींची. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

आमचा बोअरवेलचा धंदा आहे. दिवसात तीनशे फूट सहज होतात. या लोकांना इतकी वर्षं का लागावीत? (इचलकरंजी)

तुमचं गिऱ्हाईक भोकाचे पैसे देतं, निघालेल्या भुकटीशी त्याला काही घेणंदेणं नसतं. इथे उलटं आहे. भोक कुणालाच नको आहे. हवी आहे ती आतून निघणारी बर्फाची अखंड कांडी, म्हणजे कोअर. म्हणून इथे हॅमर नाही, कॉम्प्रेसर नाही, एकाला एक जोडत जायचे रॉडही नाहीत. दहा मीटरांहून लांब, नळीसारखं यंत्र केबलला लटकवून विंचने, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्राने, खाली सोडतात. मोटर त्या यंत्राच्या पोटातच असते.

खालच्या टोकाला कटिंग हेड, त्याला तीन पाती. ती फक्त कडेचं कडं कापतात आणि मधला गाभा नळीत वर सरकत जातो. कोअरचा व्यास ९८ मिलिमीटर, भोकाचा सुमारे १३०. फेरे मिनिटाला पन्नास-साठच. घाई केली तर कोअरला तडे जातात. कोअरची नळी फिरते, तिच्याबाहेरची नळी फिरत नाही, आणि दोन्हींच्या मधल्या फटीतून पंप चुरा वर ओढून वेगळ्या कप्प्यात भरतो. त्याच्यावर मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स. सगळ्यात वर अँटी-टॉर्क, म्हणजे भोकाच्या भिंतीला रुतून बसणाऱ्या तीन पाटा-स्प्रिंगा. त्यांची पकड सुटली की पात्यांऐवजी अख्खं यंत्र गरगरतं आणि केबलला पीळ बसतो.

वेळ कुठे जातो तेही पाहा. एक मीटर कोअर कापली की कड्यातून साडेपाच लिटरभर बर्फ निघतो. त्याचा सैल चुरा जवळजवळ दुप्पट जागा खातो. साडेतीन मीटर कोअरला चाळीस लिटरचा कप्पा भरला, की कोअर कितीही सुरेख येत असो, थांबावंच लागतं. मग विंच उलट ओढायची. हेडमधल्या छोट्या खटक्या, ज्यांना कोअर कॅचर म्हणतात, कोअरच्या अंगात रुततात आणि ती बुडातून तुटते. कधी काही शे किलोंचा ओढा पुरतो, कधी मीटरचा काटा टनाच्या घरात जातो. तुटली की ते जोडीच्या माणसाला सांगावं लागत नाही. केबलला धक्का बसतो आणि काटा झपकन खाली येतो.

आता वर यायचं. सेकंदाला मीटरभर वेग धरला, तरी अडीच हजार मीटरवरून एका बाजूला चाळीस मिनिटं. जाणं, कापणं, येणं, साफसफाई मिळून एका फेरीला दोन तास, हातात तीन-साडेतीन मीटर. हंगाम मे ते ऑगस्टची सुरुवात एवढाच. छावणी २०१५ मध्ये मांडली, आणि २०२० व २०२१ ही दोन्ही वर्षं कोविडमुळे वाया गेली. एवढं धरलं तर मंडळींनी रेंगाळत काम केलं असं म्हणता येणार नाही.

भोकात खोबरेल तेल ओततात असं वाचलं. थट्टा आहे का? (रत्नागिरी)

अर्धी खरी आहे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखालीच थिजतं, ते तिथे काय कामाचं? पण नारळाच्या तेलापासून बनवलेलं 'एस्टिसॉल २४०' नावाचं एस्टर 'कोअसॉल' नावाच्या दुसऱ्या द्रवात मिसळून 'नीम' या आधीच्या ग्रीनलंड छावणीपासून वापरात आलं. त्यापूर्वी केरोसिनसारखं द्रावण आणि त्यात वजन वाढवायला ओझोनला घातक रसायन घालत. ते सोडायचं होतं, म्हणून नारळ.

द्रव का लागतो? बर्फ आपल्याला दगडासारखा वाटला तरी दाबाखाली तो सावकाश वाहतो. २,६७० मीटर खाली वरच्या बर्फाचा दाब सुमारे २४० वातावरणांइतका असतो. भोक कोरडं ठेवलं तर ते आकसत जातं आणि यंत्राला मिठी मारतं. म्हणून बर्फाइतक्याच घनतेचा, उणे तीसलाही न गोठणारा द्रव भोकात भरून आतून तोलून धरायचं. हिशेब केलात तर मीटरला तेरा लिटर, म्हणजे पूर्ण भोकाला पस्तीस हजार लिटर. आणि तो सगळा विमानाने न्यायचा.

एक अडचण वरच्या टोकालाही आहे. पहिले साठ-ऐंशी मीटर हा पक्का बर्फ नसतोच. ते घट्ट दाबलेलं, सच्छिद्र हिम असतं, ओतलेला द्रव चाळणीसारखा त्यातून निघून जाईल. तेवढ्या भागात आधी भोक रुंद करून नळीचं अस्तर बसवतात.

नव्या द्रवाचा तोटा म्हणजे कडाक्याच्या थंडीत तो दाट होतो, यंत्र खाली जायला वेळ घेतं. कपड्यांना, हातमोज्यांना, केसांना वास धरतो तो वेगळाच.

यंत्र अडकलं तर काय करतात? (सातारा)

आधी काहीच न करण्याची शिस्त पाळतात. घाबरून जोरात ओढलं की केबल तुटते आणि मग सगळंच संपलं. ओढ कायम ठेवून वाट पाहायची, मोटर थोडी उलटसुलट फिरवायची, आणि तरी हलेना तर गोठणरोधक ग्लायकॉल गोठवून त्याचे गोळे वरून सोडायचे. ते द्रवातून बुडत यंत्रापाशी पोचतात, विरघळतात आणि अडकलेला चुरा सुटतो. सुटला तर.

दरवेळी सुटत नाही. ग्रीनलंडच्याच 'नॉर्थग्रिप' प्रकल्पात १९९७ मध्ये यंत्र १,३७१ मीटरवर अडकलं ते कायमचं. १९९९ मध्ये दुसरं भोक सुरू केलं आणि २००३ च्या जुलैत ३,०८५ मीटरवर तळ गाठला.

बहुतेक वेळा दोष चुऱ्याचा असतो. पंप नीट ओढत नसेल, पाती बोथट असतील किंवा मागच्या फेरीतला चुरा भोकात तरंगत राहिला असेल, तर तो यंत्राच्या वरच्या अंगाला साचतो आणि बुचासारखा बसतो. म्हणून अधूनमधून कोअर न काढता फक्त चुरा गोळा करायला एक फेरी मारतात. नवशिक्यांना ती वाया गेल्यासारखी वाटते. जुने लोक ती चुकवत नाहीत.

तळाजवळ खोड वेगळी. खालून पृथ्वीची उष्णता येते, त्यामुळे बर्फ जेमतेम उणे दोन-तीनवर असतो. असा बर्फ कापला की चुरा ओलसर होऊन पात्यांवरच पुन्हा गोठतो. सकाळी साडेतीन मीटर देणारं यंत्र वीतभर कोअर देऊन थांबतं. तेव्हा अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण थोडं थोडं खाली नेतात. नॉर्थग्रिपला तर तळाचं पाणीच भोकात वर चढलं आणि तिथे गोठलं.

बर्फच सरकतो म्हणता, मग भोक वाकडं होत नाही? (अमरावती)

ईस्टग्रिप मुद्दामच वाहत्या बर्फावर आहे. ईशान्य ग्रीनलंडमधल्या बर्फाच्या मोठ्या प्रवाहावर ती वसवली आहे आणि तिथला बर्फ वर्षाला सुमारे ५५ मीटर, म्हणजे रोज पंधरा सेंटिमीटर समुद्राकडे जातो. पण थर घसरतो तो मुख्यतः तळाशी, अख्खा ठोकळा सरकल्यासारखा. भोक, छावणी, धावपट्टी सगळं एकत्रच जातं. भोक तिरकं होतं ते दुसऱ्या कारणाने. यंत्राचा भार पात्यांवर जास्त टाकला की ते कलतं. ओळंब्यासारखं बहुतांश वजन केबलवरच ठेवायचं, हे खाली पाहू न शकणाऱ्या माणसाला आकडे वाचून करावं लागतं.

मी वायरमन. तीन किलोमीटर बर्फावर अर्थिंग कसं करतात? (जळगाव)

आलेल्या पत्रांतला सगळ्यात नेमका प्रश्न. उत्तर असं की नेहमीसारखं करताच येत नाही. इतका थंड, कोरडा बर्फ वीज जवळजवळ वाहूच देत नाही. सळई कितीही खोल ठोका, ती अर्थ नाही. त्याऐवजी जनरेटरची बॉडी हाच संदर्भ धरून सगळी धातूची कवचं, विंच, मनोरा, पत्रे एका जाड तारेने तिला बांधतात, म्हणजे दोन वस्तूंमध्ये व्होल्टेजचा फरक राहत नाही. हवा कमालीची कोरडी असल्याने दाराच्या कडीला हात लावला तरी ठिणगी बसते. सर्किट बोर्ड हातात घेण्याआधी मनगटाला पट्टी, आणि इंधन भरताना विमान व टाकी आधी तारेने जोडायची, मग नळी.

जनरेटरमध्ये साधं डिझेल चालत नाही, त्यात मेण धरतं. विमानाचं जेट ए-१ वापरतात. ते उणे ४७ पर्यंत टिकतं, आणि विमान, गाड्या, जनरेटर या सगळ्यांना एकच इंधन ठेवता येतं.

भात शिजतो का? पाणी कुठून आणतात? आंघोळीचं काय? (पुणे, दोन पत्रं एकत्र)

छावणीची उंची सुमारे २,७०० मीटर. पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांवरच उकळतं. उघड्या पातेल्यात भात वेळ घेतो आणि हरभरा-राजमा तर हट्टच धरतात. कुकर असला की काम होतं, आत ११५ अंशांपर्यंत तापमान जातं. पावाचं पीठ उलट फार लवकर फुगतं आणि बसतं. यीस्ट कमी घालावं लागतं. मांस-मासे ठेवायला बाहेर फुकटचा फ्रीजर आहे. जपायचं असतं ते बटाटे, अंडी, कोबी यांना. विमानातून उतरवताना 'गोठू देऊ नये' लिहिलेली खोकी पहिल्यांदा आत न्यायची, अर्धा तास बाहेर राहिली तर कांद्याची पिशवी फेकायच्या लायकीची होते. तिथे तीसेक माणसं असतात आणि स्वयंपाकी हे त्यांतलं मोठं पद आहे. शनिवारी रात्रीचं जेवण कोट-टाय, चांगला पोशाख घालून होतं. हा थिल्लरपणा नाही. सूर्य मावळत नाही तिथे आठवडा संपल्याचं शरीराला कुणीतरी सांगावं लागतं.

पाण्यासाठी छावणीच्या वाऱ्याकडच्या बाजूला एक राखीव पट्टा असतो. तिथे गाडी न्यायची नाही, चालायचंही नाही. तिथलं हिम फावड्याने आणून वितळवण्याच्या टाकीत टाकायचं. टाकीला जनरेटरची वाया जाणारी उष्णता दिलेली असते. हिम भुसभुशीत, त्यामुळे एक बादली पाण्याला तीन बादल्या हिम. टाकी रिकामी होऊ दिली की पुढच्याची पंचाईत, म्हणून शेवटी पाणी घेणाऱ्याने भरून ठेवायची हा घरातल्या माठाचाच नियम. आंघोळ रोज नाही, आणि अंगावर पाणी घेऊन नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ. शौचालय म्हणजे हिमात खोल खड्डा, वर खोपटं. बाकी सगळा कचरा वेगळा करून विमानाने परत.

बाहेर काढलेल्या कोअरचं तिथेच काय करतात? (नागपूर)

काम बर्फाखालच्या खोल्यांत चालतं. त्या बांधण्याची युक्ती सुरेख आहे. लांब चर खणायचा, त्यात बोगद्याच्या आकाराचा मोठा फुगा फुगवायचा, त्याच्यावर यंत्राने हिम उडवायचं आणि काही दिवस थांबायचं. उडवलेल्या हिमाचे कण मोडून एकमेकांना चिकटतात, छत कडक होतं. मग फुग्यातली हवा सोडून तो ओढून काढायचा. लाकूड नाही, पत्रा नाही. छत मात्र दरवर्षी थोडं खाली येतं आणि करवतीने खरवडावं लागतं.

कोअर बाहेर आली की पहिलं काम तुटलेली टोकं जुळवून पाहण्याचं आणि वरची दिशा बाणाने लिहिण्याचं. एक तुकडा उलटा ठेवला गेला की शेकडो वर्षांचा इतिहास उलटा वाचला जातो. मग ५५ सेंटिमीटरचे तुकडे. प्रत्येक तुकडा 'बॅग', आणि बॅग क्रमांकाला ०.५५ ने गुणलं की तिच्या बुडाची खोली मिळते. हजारावी बॅग म्हणजे ५५० मीटर. तळापर्यंत जवळजवळ ४,८५० बॅगा, प्रत्येकी पावणेचार किलो. पुढे विद्युत मापन होतं. मोठ्या ज्वालामुखीचं आम्ल बर्फात असलं की काटा उसळतो, आणि त्यावरून वेगवेगळ्या ठिकाणच्या कोअर एकमेकींशी जुळवता येतात. मग उभे काप. एक काप समस्थानिकांसाठी, एक वायूंसाठी, एक चौकोनी पट्टी तापलेल्या ठोकळ्यावर उभी वितळवून धूळ आणि क्षार मोजण्यासाठी. या पट्टीच्या बाहेरच्या अंगाचं पाणी टाकून देतात, कारण त्याला करवत आणि हातमोजा लागलेला असतो. एक काप न वापरता जपून ठेवायचा.

सुमारे सहाशे ते बाराशे मीटरच्या टप्प्यातला बर्फ मात्र हात लावू देत नाही. त्यातले हवेचे बुडबुडे प्रचंड दाबाखाली कोंडलेले असतात. वर आणल्यावर बाहेरचा दाब जातो, बुडबुड्यांचा राहतो. ट्रेवर ठेवलेली कोअर तडतडत राहते आणि बघता बघता तिच्या चकत्या होतात. तो भाग कापत नाहीत. वर्षभर तसाच पडू देतात, मग पुढच्या हंगामात करवत. त्याखाली हवा बुडबुड्यांच्या रूपात राहतच नाही, ती बर्फाच्या स्फटिकजाळीत शिरते आणि कोअर पुन्हा काचेसारखी स्वच्छ निघते.

एवढ्या थंडीत माणूस टिकतो कसा? झोप लागते? (ठाणे)

उन्हाळ्यात दुपारी उणे दहा, रात्री उणे पंचवीसपर्यंत, मेमध्ये त्याहून खाली. कपडे नीट असतील तर हे सोसतं. त्रास घामाचा होतो. फावडं मारताना घाम आला आणि मग उभं राहिलात, की तोच घाम गोठवतो. म्हणून अंगाशी लोकर, सुती काही नाही, कामाला लागण्याआधी एक थर उतरवायचा आणि मोजे दुपारी बदलायचे. तंबूत रात्री हीटर मंद किंवा बंद. सूर्य तंबूच्या कापडातून आत येतोच, म्हणून डोळ्यांना पट्टी. गडद चष्म्याविना तासाभराचं काम केलं तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. पहिले दोन-तीन दिवस उंचीमुळे डोकं दुखतं, धाप लागते. त्या दिवसांत जड काम देत नाहीत.

खरं तर तिथे कामं खोळंबतात ती उबेमुळे. बर्फाखालच्या खोल्यांत माणसं आणि मोटरी वाढल्या की हवा तापते आणि थंड कोअरला तडे जातात, मग पंख्यांनी रात्रीची गार हवा आत ओढावी लागते. धावपट्टीचंही तेच. माल येतो तो अमेरिकेच्या न्यूयॉर्क एअर नॅशनल गार्डच्या, स्की लावलेल्या हर्क्युलिस विमानांनी, अकराशे किलोमीटरवरच्या, पश्चिम ग्रीनलंडमधल्या कांगरलुसुआकहून. दाबून सपाट केलेल्या हिमाच्या पट्टीवर ऊन लागलं की हिम चिकट होतं, स्की सरकत नाहीत आणि विमान वेगच घेत नाही. मग माल उतरवून पुन्हा प्रयत्न, किंवा गारव्याची वाट. जुलै २०१२ मध्ये नीम छावणीवर चक्क पाऊस पडला. त्याच महिन्यात ग्रीनलंडच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर वितळ नोंदली गेली होती.

वादळात वाट चुकत नाही का? (छत्रपती संभाजीनगर)

चुकते, शौचालयाला जातानाही. हिम उडायला लागलं की जमीन, आकाश, अंतर काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक इमारतीपासून दुसरीपर्यंत बांबूच्या काठ्यांची झेंडेवाली रांग. पुढची काठी दिसल्याशिवाय आधीची सोडायची नाही. वस्तीबाहेर जाताना फळ्यावर नाव आणि परतीची वेळ लिहायची, रेडिओ घ्यायचा. सामान कधीच सपाट हिमावर ठेवत नाहीत. उंच केलेल्या वरंब्यावर, वाऱ्याच्या दिशेने ओळीत ठेवतात, नाहीतर एका वादळात गाडलं जातं. मुख्य घुमट, म्हणजे छावणीची मुख्य इमारतही यासाठीच स्कींवर बांधलेली आहे. ती २०१५ मध्ये नीमहून साडेचारशे किलोमीटर ओढत आणली. वादळापेक्षा भीती आगीची. हवा कोरडी, पाणी सगळं गोठलेलं, म्हणून मुख्य इमारत जळाली तरी राहता येईल असा वेगळा निवारा आणि शिधा दूर ठेवतात. दुसरी भीती कार्बन मोनॉक्साइडची, हिमाने तंबूचा धुराडा बुजला तर. त्याचे अलार्म झोपण्याच्या जागी असतात.

भारतीयांना असं काम मिळतं का? (वास्को)

तुमच्या गावातच चौकशी करता येईल. हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे उणे वीस अंशांची बर्फ-कोअर प्रयोगशाळा आहे. बाहेर घामाच्या धारा आणि दाराआड जाकीट घालून करवत, असं काम तिथे चालतं. आर्क्टिकमध्ये भारताचं ठाणं म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंदचं 'हिमाद्री', २००८ पासून. तिथे खोल ड्रिलिंग होत नाही, अभ्यास हिमनद्या, हवा आणि फ्योर्डचा, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीचा. समुद्रकाठ असल्याने वस्तीबाहेर पडताना अस्वलासाठी बंदूक लागते. ग्रीनलंडच्या मधोमध, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, ती भीती जवळजवळ नसते.

अंटार्क्टिकावरच्या 'मैत्री' आणि 'भारती' या ठाण्यांसाठी हेच केंद्र शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक अशी माणसं घेतं, जाहिरात काढून. निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी आणि औलीला इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांकडे बर्फावरचं प्रशिक्षण. जळगावच्या वायरमननी हे वाचावं. आणि अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने आधी दंतवैद्याकडे जावं. सैल झालेलं फिलिंग घरी असताना कळत नाही. उणे तीसच्या हवेत तोंड उघडून श्वास घेतला की लगेच कळतं, आणि पुढचं विमान तीन आठवड्यांनी असतं.